अपघात की घातपात? उत्तर येईपर्यंत तुम्ही काय करावे

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि खांदेश्वर, कामोठे, करंजाडे, उलवे या वसाहतींना धावपट्टीचा शेजार मिळाला. कुणाचा मुलगा ग्राउंड स्टाफमध्ये लागतो आहे, कुणाची मुलगी केबिन क्रूचे प्रशिक्षण घेते आहे, कुणी गच्चीवर कपडे वाळत घालताना विमान कोणत्या बाजूने वळते ते पाहू लागले आहे. या नव्या शेजाराबरोबर वाचकांच्या शंकाही वाढल्या. त्यांतल्या बहुतेक शंकांच्या मुळाशी १२ जून २०२५ ची दुपार आहे.

त्या दिवशी दुपारी १ वाजून ३९ मिनिटांच्या सुमारास अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे एआय १७१ हे विमान अवघ्या अर्ध्या मिनिटात मेघाणीनगरच्या बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळले. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरचे १९ जण गेले. कर्मचाऱ्यांतले कितीतरी जण मुंबई परिसरातले होते. तो शोक थेट पनवेल तालुक्यापर्यंत पोचला. पण धूर विरायच्या आत मोबाइलवर निकाल लागायला सुरुवात झाली होती. बाँब होता. पक्षी धडकले. तुर्की कंपनीने देखभालीत घात केला. इंधनात पाणी होते. पायलटनेच केले.

वाचक विचारतात ते असे: यातले खरे काय मानायचे? विम्याच्या अर्जात मृत्यूचे कारण काय लिहायचे? हल्ला ठरला तर भरपाई बुडते का? आपल्याकडे व्हिडिओ असेल तर तो कुणाला द्यायचा? या सगळ्यांना लागू पडेल अशी एकच गोष्ट आधी सांगायला हवी. पहिल्या आठवड्यात तुम्हाला जे करावे लागते, त्यातले जवळजवळ काहीही दुर्घटनेच्या कारणावर अवलंबून नसते. जिथे कारणाने फरक पडतो अशा दोन-तीन जागा आहेत, त्या पुढे येतील.

पहिला अंदाज कसा फसतो

मुंबईकरांना याचा सर्वांत कडू अनुभव १९७८ सालच्या पहिल्याच रात्री आला. १ जानेवारीला एअर इंडियाचे 'एम्परर अशोका' हे जंबो जेट सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटे व्हायच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. १९० प्रवासी, २३ कर्मचारी. एकही वाचला नाही. कंपनीचे हे पहिलेवहिले जंबो जेट, हवा ठीक, आणि उड्डाणानंतर लगेच समुद्र. पहिला संशय घातपाताचाच आला. पुढे अवशेष समुद्रातून वर काढले गेले, ध्वनिमुद्रण ऐकले गेले, आणि स्फोटाची खूण काही सापडली नाही. कॅप्टनसमोरचे, विमान किती कलले आहे हे दाखवणारे यंत्र बिघडले होते. बाहेर काळोखा समुद्र, डोळ्यांना क्षितिज नाही. विमान डावीकडे कलत गेले तरी कॅप्टनला ते उजवीकडे कललेले भासत राहिले, आणि त्याने ते आणखी डावीकडे लोटले. घातपाताच्या तर्कापेक्षा हे सत्य समजून घ्यायला कितीतरी अवघड आहे. म्हणूनच ते बाहेर यायला वेळ लागला.

सात वर्षांनी उलटे घडले. २३ जून १९८५ रोजी माँट्रियलहून लंडन आणि दिल्लीमार्गे मुंबईला येणारे 'कनिष्क' आयर्लंडजवळ अटलांटिकवर रडारवरून नाहीसे झाले. ३२९ जण गेले. विमानाचा सांगाडाच तुटला की बाँब होता, यावर काही महिने तज्ज्ञांतही वाद होता. समुद्राच्या तळाशी कॅमेरे सोडून, अवशेष वर आणून तपासल्यावर न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांच्या चौकशीने १९८६ साली निष्कर्ष दिला: पुढच्या सामानकक्षात बाँबस्फोट झाला होता. विमान नाहीसे होण्याच्या तासाभर आधीच जपानच्या नारिता विमानतळावर एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढवायच्या बॅगेत स्फोट होऊन सामान हाताळणारे दोन कामगार मेले होते.

बाहेरच्या जगातही हेच दिसते. ९/११ नंतर दोनच महिन्यांनी, १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात अमेरिकन एअरलाइन्सचे विमान पडले तेव्हा अवघ्या शहराने हल्लाच गृहीत धरला; निघाली ती शेपटीची उभी पाती तुटण्याची घटना, सुकाणू जोरात इकडे-तिकडे हलवल्यामुळे. आणि ३१ ऑक्टोबर २०१५ ला सिनाईवर रशियन प्रवासी विमान कोसळले तेव्हा इजिप्तने आधी दहशतवादाची शक्यता फेटाळली. १७ नोव्हेंबरला रशियाने बाँब असल्याचे जाहीर केले. तेव्हा 'सरकारने नाही म्हटले' हाही पहिल्या आठवड्यात पुरावा नसतो.

काही संशय तर अहवालानंतरही मरत नाहीत. २४ जानेवारी १९६६ रोजी मॉन्ट ब्लाँकवर आदळलेल्या विमानात अणुशास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा होते. फ्रेंच तपासाने विमानाच्या जागेविषयी झालेला गैरसमज हे कारण दिले. तरी इतक्या वर्षांनंतर भाभांचे नाव निघाले की खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रापासून गल्लीतल्या कट्ट्यापर्यंत 'परकीय हात' निघतोच.

बातमीतली वाक्ये अशी वाचा

अधिकारी ठरावीक भाषेत बोलतात. ती भाषा कळली की निम्मा गोंधळ कमी होतो.

- 'घातपाताची शक्यता नाकारता येत नाही.' याचा अर्थ एवढाच की फाइल उघडी आहे. जून २०२५ च्या अखेरीस केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री आणि पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ यांनी घातपातासह सर्व बाजू तपासल्या जात असल्याचे सांगितले होते. ते तपासाच्या आवाक्याविषयीचे विधान होते. घातपात झाल्याची ती कबुली नव्हती.
- 'एनआयएचे पथक घटनास्थळी.' मोठ्या दुर्घटनेत राष्ट्रीय तपास यंत्रणेचे हे पथक येऊ शकते. अहमदाबादेतही आले होते. त्यावरून निष्कर्ष काढू नका.
- 'अकस्मात मृत्यूची नोंद.' भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पोलिस अशी नोंद करतात, म्हणजे पंचनामा आणि शवविच्छेदन पुढे सरकते. 'पोलिसांनी अपघात ठरवला' असा तिचा अर्थ होत नाही. पुढे गुन्हा दाखल व्हायला तिची आडकाठीही नसते.
- 'अमुक संघटनेने जबाबदारी घेतली.' न केलेल्या कृत्याचे श्रेय घेणारेही असतात. तपास यंत्रणेचा दुजोरा येईपर्यंत हा फक्त दावा.
- 'ब्लॅक बॉक्स सापडला.' सापडणे आणि वाचणे यांत अंतर असते. अहमदाबादच्या विमानाची दोन यंत्रे १३ आणि १६ जूनला मिळाली; माहिती उतरवली गेली ती २५ जूनच्या सुमारास, दिल्लीतल्या प्रयोगशाळेत.

तुम्ही वाट पाहायची ती विमान अपघात तपास विभागाच्या, म्हणजे एएआयबीच्या कागदाची. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत अपेक्षित असतो. या तपासाचा हेतू पुन्हा असे घडू नये हा असतो. दोषी कोण ते न्यायालय ठरवते. तपासात घातपाताचा संशय आला तर एएआयबीने सुरक्षा यंत्रणांना कळवायचे असते आणि गुन्ह्याचा तपास वेगळ्या वाटेने चालतो.

एआय १७१ चा प्राथमिक अहवाल १२ जुलै २०२५ ला आला. इंधनाचे नमुने ठीक होते, उड्डाणमार्गात पक्ष्यांची विशेष हालचाल नव्हती. दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर गेले होते. एका वैमानिकाने दुसऱ्याला, तू बंद का केलेस, असे विचारल्याचे आणि दुसऱ्याने नाकारल्याचे मुद्रण आहे. स्विच का आणि कसे हलले, ते अहवालात नाही. पण एवढ्यावर परदेशी वृत्तपत्रांतून कॅप्टनकडे बोट गेले आणि १७ जुलैला एएआयबीला 'घाईने निष्कर्ष काढू नका' असे आवाहन करावे लागले. प्राथमिक अहवालाने वैमानिकावर ठपका ठेवलेला नाही, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅप्टनच्या वृद्ध वडिलांना सांगितले. मुलगा गमावलेल्या नव्वदीच्या घरातल्या माणसाला त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, ही गोष्ट प्रत्येकाने 'सेंड' दाबण्यापूर्वी आठवावी अशी आहे.

सोसायटीच्या ग्रुपवर

आलेला मजकूर पुढे ढकलण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. माहिती देणाऱ्याचे नाव आणि हुद्दा आहे का? व्हिडिओ याच दुर्घटनेचा आहे का, की विमानाचा रंग आणि आजूबाजूच्या पाट्या वेगळ्याच आहेत? आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचा खुलासा आला आहे का? तुर्की कंपनीच्या अफवेचे हेच झाले. दोनच दिवसांत तुर्कस्तानच्या अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले की तुर्किश टेक्निककडे एअर इंडियाच्या बोइंग ७७७ विमानांचे काम होते, कोसळलेले विमान ७८७ होते. अफवा तरीही फिरत राहिली.

ग्रुप ॲडमिन असाल तर पहिले ४८ तास फक्त मदतीचे संदेश ठेवा: रक्तदान कुठे, हेल्पलाइन कोणती, कोणता रस्ता बंद. एखाद्या धर्माच्या, भाषेच्या किंवा गावाच्या लोकांकडे बोट दाखवणारा मजकूर लगेच काढा. इथे केवळ सभ्यतेचा प्रश्न नाही. आपल्या वसाहतींत देशभरातून आलेले ड्रायव्हर, सुरक्षारक्षक, घरकामाच्या ताई राहतात आणि अशा अफवेची झळ पहिल्यांदा त्यांना लागते. भीती पसरवणाऱ्या खोट्या माहितीला भारतीय न्याय संहितेचे कलम ३५३ आणि समाजांत तेढ वाढवणाऱ्या मजकुराला कलम १९६ लागू होऊ शकते. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. 'मी फक्त फॉरवर्ड केले' म्हटल्याने सुटका होईल, असे धरून चालू नका.

तुम्ही प्रत्यक्ष पाहिले असेल तर

विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. अहमदाबादच्या दुर्घटनेचे सर्वांत महत्त्वाचे चित्रण एका शाळकरी वयाच्या मुलाने घराच्या गच्चीवरून केले होते. पोलिसांनी त्याचा साक्षीदार म्हणून जबाब घेतला, तर लगेच 'मुलाला अटक' अशी अफवा उठली आणि पोलिसांना खुलासा करावा लागला. साक्षीदाराला बोलावणे म्हणजे त्याच्यावर संशय नव्हे. अल्पवयीन मुलाचा जबाब असेल तर पालकांनी सोबत राहावे.

1. आधी ११२ ला फोन करा. ठिकाण सांगताना सेक्टर, जवळचे स्थानक, पूल अशी खूण द्या.
2. जवळ जाऊ नका, वारा धूर जिकडे नेतो त्या बाजूला उभे राहू नका. आधुनिक विमानाच्या सांगाड्यात कार्बन फायबर मोठ्या प्रमाणात असते आणि ते जळल्यावर उडणारी बारीक धूळ फुफ्फुसांना घातक असते. बघ्यांच्या गाड्यांनी रुग्णवाहिकांची वाट अडते ती वेगळीच.
3. पडलेला एकही तुकडा उचलू नका, हलवू नका. धातूची कड कशी मुडपली आहे, त्यावर कसले कण आहेत, तुकडे किती दूरवर पसरले आहेत, यावरूनच आधी स्फोट झाला की पडल्यावर आग लागली ते ठरते. घरी नेलेला तुकडा म्हणजे तपासातून गेलेला पुरावा.
4. चित्रण केले असेल तर मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत दबते, तिची वेळ आणि दर्जा हरवतो. गाणे, मजकूर, काटछाट नको.
5. काय दिसले आणि काय ऐकू आले ते त्याच दिवशी कागदावर लिहा, वेळेसह. टीव्ही बघण्याआधी लिहिले तर उत्तम, कारण चार वाहिन्या पाहिल्यावर आठवणीतही स्फोट ऐकू येऊ लागतो.
6. खांदेश्वर किंवा जवळच्या पोलिस ठाण्यात कळवा आणि फाइल दिल्याची पोच घ्या.

मृतांची, जखमींची छायाचित्रे काढू नका. काढली गेली असतील तर तपास यंत्रणेखेरीज कुणालाही देऊ नका.

घरचे माणूस त्या विमानात असेल तर

अशा वेळी घरातल्या एकाच शांत माणसाला फोनवर बसवा. विमान कंपनीची हेल्पलाइन, रायगड जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, नातेवाइकांचे फोन, सगळे त्याच्याकडे. बाकीच्यांनी टीव्ही बंद ठेवला तरी चालेल. प्रवाशांची अधिकृत यादी कंपनीकडूनच मिळते.

ओळख पटवण्यासाठी डीएनए नमुना लागू शकतो. आई-वडील किंवा मुले यांचा नमुना सर्वांत उपयोगी पडतो, म्हणून घटनास्थळी काका-मामांबरोबर यांच्यापैकी कुणी जाणे बरे. अहमदाबादेत कित्येक कुटुंबांना दिवसच्या दिवस थांबावे लागले. घाई करून पार्थिव ताब्यात घेण्याचा आग्रह धरू नका. नमुना जुळल्याचा कागद हातात घेऊनच पुढे जा.

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या स्थानिक संस्थेत होते. पनवेल महापालिकेत हेलपाटे घालण्यात अर्थ नाही. दाखल्याच्या दहा-बारा प्रती तिथेच घ्या आणि नावाचे स्पेलिंग पासपोर्ट, आधार, पॅन, बँक खात्याशी ताडून पाहा. एका अक्षराच्या फरकाने वारसांची फाइल महिनोन्‌महिने अडून राहते.

या काळात ठग फिरतात. 'भरपाईसाठी प्रक्रिया शुल्क भरा' असा फोन आला तर पैसे देऊ नका. दिले गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करा. दारात येणाऱ्या वकिलांनाही थांबवा. भारतात वकिलाने असे स्वतःहून पक्षकार शोधत हिंडणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. आणि घरातले कुणी झोपेनासे, बोलेनासे झाले तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

पैशांत कारणाने कुठे फरक पडतो

आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ पासून आहे. त्यातला पहिला टप्पा वारसांनी पाठच करून ठेवावा. प्रवाशाच्या मृत्यूबद्दल १,५१,८८० एसडीआरपर्यंतची सिद्ध झालेली हानी विमान कंपनीला द्यावीच लागते, चूक कुणाची हे न विचारता. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक आहे. रुपयांत ही रक्कम पावणेदोन ते दोन कोटींच्या दरम्यान जाते. बाँब असो, पक्षी असो, यंत्र असो, या टप्प्यापर्यंत कंपनीला 'आमचा दोष नाही' म्हणता येत नाही.

फरक पडतो तो त्यापुढच्या रकमेसाठी. तिथे आपली चूक नव्हती किंवा सर्वस्वी तिसऱ्याच कुणाच्या कृत्यामुळे हानी झाली, हे सिद्ध करून कंपनी सुटू शकते. म्हणून कारण स्पष्ट होण्याआधी 'पूर्ण आणि अंतिम तडजोड' असे शब्द असलेल्या कागदावर सही करू नका. तातडीची मदत मात्र जरूर घ्या. अहमदाबादनंतर एअर इंडियाने २५ लाख रुपयांची अंतरिम रक्कम दिली, टाटा सन्सने वेगळे १ कोटी जाहीर केले. आगाऊ रक्कम घेतल्याने तुमचा हक्क संपत नाही. ती अंतिम भरपाईतून वजा होऊ शकते, एवढेच. देशांतर्गत प्रवासाचे नियम आणि मर्यादा वेगळ्या आहेत, तेव्हा कंपनीकडून लागू नियम लेखी मागा.

विम्याचे असे:

- आयुर्विमा. साध्या आयुर्विम्यात अपघात की हल्ला यावरून मूळ रकमेत सहसा फरक पडत नाही. एलआयसीने पहलगामच्या हल्ल्यानंतर आणि अहमदाबादच्या दुर्घटनेनंतर दोन्ही वेळा दाव्यांचे नियम सैल केले, आणि मृत्यूच्या दाखल्याऐवजी सरकारी नोंदीतला पुरावाही चालेल असे जाहीर केले.
- वैयक्तिक अपघात आणि प्रवास विमा. यात युद्ध किंवा दहशतवादाविषयी अपवादाचे कलम असू शकते. पॉलिसी काढून आजच वाचा, दुर्घटनेची वाट पाहू नका.
- अर्जातले कारण. 'अमुक तारखेच्या, अमुक क्रमांकाच्या विमानाच्या दुर्घटनेत मृत्यू' एवढेच लिहा. ऐकीव माहितीवर 'दहशतवादी हल्ला' लिहून स्वतःच अपवादाच्या कलमात अडकू नका.

हल्ला असल्याचे अधिकृतपणे ठरले, तर केंद्र सरकारच्या दहशतवादी हिंसाचारातल्या नागरी बळींसाठीच्या योजनेतून वारसांना ५ लाख रुपयांची मदत मिळू शकते. त्याचा मार्ग जिल्हाधिकारी कार्यालयातून जातो. खांदेश्वरचे पोलिस नवी मुंबई आयुक्तालयाचे असले तरी महसुली कागद रायगडचा, म्हणजे अलिबागचा, हे विसरू नका.

त्याच दिवशी तुमचे तिकीट असेल तर

दुर्घटनेनंतर बाँबच्या धमक्यांचे पेव फुटते. १३ जून २०२५ ला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, फुकेतहून दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान धमकीच्या चिठ्ठीमुळे माघारी वळवले गेले. आत काही सापडले नाही. उड्डाण रद्द झाले तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा हा तुमचा हक्क आहे. सुरक्षेच्या कारणासाठी वेगळी नुकसानभरपाई मात्र मिळत नाही. तपासणीच्या रांगेत 'बाँब' हा शब्द थट्टेतही उच्चारू नका.

कॅलेंडरवर खूण करा

माँट्रियल कराराखाली दावा दाखल करायला दोन वर्षे असतात. विमान ज्या दिवशी पोचायला हवे होते त्या दिवसापासून ती मोजली जातात, आणि अंतिम अहवाल आला नाही म्हणून थांबत नाहीत. दावा तुम्ही प्रवासाच्या अंतिम ठिकाणच्या, विमान कंपनीच्या मुख्य ठाण्याच्या, किंवा कंपनीची सेवा तिथे असेल तर मृत प्रवाशाच्या कायमच्या वास्तव्याच्या देशातही दाखल करू शकता. त्यामुळे भारतात राहणाऱ्या वारसांना लंडन गाठावेच लागेल असे नाही. एआय १७१ च्या प्रवाशांसाठी ही मुदत जून २०२७ मध्ये संपते. कुटुंबाने वकिलाशी बोलायचे ते २०२६ संपण्याच्या आत, सोबत तिकिटाची प्रत, मृत्यूचा दाखला, वारस दाखला, उत्पन्नाचे पुरावे आणि मिळालेल्या प्रत्येक रकमेची पावती घेऊन.